हेवी-ड्यूटी कनेक्टरसाठी कॉर्ड ग्रिप कशी निवडावी: आधी ओढ ओळखा, मग साईज मागा

नागपुरातल्या इलेक्ट्रिकल दुकानांत ग्लँडची, म्हणजे केबल कनेक्टरमध्ये शिरते तिथे तिला धरणाऱ्या कॉर्ड ग्रिपची, खरेदी सहसा एका वाक्यात होते. "भाऊ, पाऊण इंची ग्लँड द्या." दुकानदार विचारतो, "पितळी देऊ का नायलॉन?" आणि तिथेच निवड संपते. केबलची जाडी किती, ती जागेवर पडून राहणार की लटकणार, तिच्यावरून कोणाचा पाय किंवा ट्रॉलीचं चाक जाणार का, हे कोणी विचारत नाही. मग पावसाळ्यात कनेक्टर जळतो आणि हजारो रुपयांचा हूड (कनेक्टरचं बाहेरचं कवच), इन्सर्ट (आतला पिनांचा भाग) सगळं बदललं जातं. नवीन कनेक्टरला ग्लँड मात्र पुन्हा तीच बसते, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच खर्च परत उभा राहतो.

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यातले मेंटेनन्सवाले, पॅनल बनवणारे आणि नवीन वायरमन यांच्यासाठी हा लेख आहे. मोटर, कन्व्हेयर, क्रेन, मोल्डिंग मशीन अशा ठिकाणी जे मोठे चौकोनी मल्टिपिन कनेक्टर किंवा निळे-लाल इंडस्ट्रियल प्लग लागतात, त्यांच्यात केबल जिथून शिरते त्या एका जागेबद्दल इथे बोलायचं आहे.

पाणी अडवणं वेगळं, केबल धरणं वेगळं

कॉर्ड ग्रिपची कामं दोन. धूळ-पाणी आत जाऊ द्यायचं नाही हे एक, आणि बाहेरून बसणारा हिसका आतल्या टर्मिनलपर्यंत पोचू द्यायचा नाही हे दुसरं. डब्यावर छापलेला आयपी आकडा फक्त पहिल्या कामाबद्दल सांगतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून आत पाणी गेलं नाही. ती केबल किती ओढली तर सुटेल, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. ग्लँडचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२४४४ सुद्धा या गोष्टी वेगवेगळ्या मोजतं. केबल सरकू न देणं ही एक पायरी, आणि ओढ व पीळ दोन्ही सोसून केबल जागच्या जागी धरणं ही त्याच्या वरची पायरी. कॅटलॉगमध्ये हे दोन्ही उल्लेख शोधा. नुसता आयपी लिहिला असेल तर त्या ग्लँडवर ओढीच्या कामासाठी भरवसा टाकू नका.

ओढ आत पोचली की काय होतं ते समजून घेतलेलं बरं. स्क्रू टर्मिनल असो की क्रिम्प केलेली (तारेवर दाबून बसवलेली) पिन, ती करंट वाहून नेण्यासाठी बनलेली असते, वजन पेलण्यासाठी नाही. केबल वारंवार ओढली गेली की तांब्याच्या बारीक तारा तोंडाशी एकेक करून तुटतात. उरलेल्या तारांवर सगळा करंट येतो, टर्मिनल तापतं, तापल्याने स्क्रूची पकड सैल होते आणि सैल पकडीमुळे ते आणखी तापतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर असताना शेडमधल्या कनेक्टरला थंड व्हायला वावच नसतो. म्हणून हिवाळ्यात निभावलेलं काम उन्हाळ्यात जळतं.

पहिली पायरी: ओढ कुठून येते ते ठरवा

साईज, मटेरियल, किंमत सगळं यानंतर. कनेक्टर जिथे बसणार तिथे जाऊन पाच मिनिटं उभे राहा आणि केबल कशी वागते ते पाहा.

केबल ट्रेमध्ये बांधलेली आहे, कोणी हात लावत नाही, असं असेल तर साधी डोम नट असलेली कॉम्प्रेशन ग्लँड पुरते. आत नायलॉनच्या बोटांचा पिंजरा असतो, नट आवळला की बोटं रबरावर दाबतात आणि रबर केबलवर. बऱ्याच कामांना हे एवढंच लागतं, उगाच महाग वस्तू घेऊ नका.

केबल जमिनीवरून फरफटत असेल, म्हणजे वेल्डिंग मशीन, काँक्रीट व्हायब्रेटर, पाणी उपसायचा पंप, तर हिसका आडवा-तिडवा बसतो आणि पीळही पडतो. इथे रबराच्या दाबावर भागत नाही. केबलला बाहेरून दोन स्क्रूंनी पकडणारी क्लॅम्पवाली ग्रिप हवी. निळ्या-लाल प्लगमध्ये अशी पकड आतच दिलेली असते. ती नीट न आवळता नुसतं झाकण लावलेले प्लग साईटवर खूप दिसतात. प्लग हातात घ्या, केबल धरून फिरवून पाहा. केबल आत फिरली तर तो प्लग उघडलाच पाहिजे.

एकाच जागी वारंवार वाकणारी केबल वेगळा प्रश्न आहे. रोबोचा हात, उघडझाप होणारं दार, पुढे-मागे जाणारी ट्रॉली. इथे केबल निसटत नाही, ती ग्लँडच्या काठावर मोडते. त्यासाठी लांब स्प्रिंगसारखं शेपूट असलेली ग्लँड येते. ती वाक एका बिंदूवर न येऊ देता काही इंचांत पसरवते. ड्रॅग चेन (हलत्या केबलला सोबत नेणारी साखळी) असेल तर चेनच्या दोन्ही टोकांना केबल स्वतंत्र क्लॅम्पने बांधायची, कनेक्टरच्या ग्लँडवर चेनची ओढ येताच कामा नये.

आता लटकणारी केबल. इथे सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो आणि सगळ्यात जास्त धोकाही इथेच आहे, म्हणून थोडा हिशेब करून पाहू. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ८.९ ग्रॅम. म्हणजे १ चौरस मिलिमीटर जाडीची आणि १ मीटर लांबीची तार ८.९ ग्रॅमची. चार कोअर १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ६४ चौरस मिलिमीटर तांबं असतं, त्याचं वजन मीटरला जवळजवळ ५७० ग्रॅम. वर रबराचं इन्सुलेशन आणि शीथ (केबलचं बाहेरचं आवरण) धरली की मीटरला एक किलोच्या आसपास जातं. छतापासून १० मीटर खाली सोडली तर १० किलो, तेही २४ तास, आणि शिवाय क्रेन थांबताना बसणारा झोका. हे वजन नायलॉनच्या ग्लँडवर टाकू नये.

अशा जागी तारांच्या जाळीची ग्रिप वापरतात. ओढलं की गाठ जशी आवळत जाते, तशी ही जाळी वजन वाढेल तसतशी केबलला घट्ट धरते, आणि दाब एका कड्यावर न येता पूर्ण लांबीवर वाटला जातो. ग्रिपच्या डोळ्याला हुक किंवा शॅकल लावून वजन बीमवर द्यायचं, आणि ग्रिप ते कनेक्टर एवढ्या भागात केबलला थोडा झोळ ठेवायचा. जाळी घेताना केबलच्या बाहेरच्या व्यासाची रेंज पाहायची आणि तुटण्याचा भार पाहायचा. कायम लटकत्या वजनासाठी तुटण्याच्या भाराच्या एक दशांशापेक्षा जास्त वजन टाकू नये. केबलच्या टोकाला कनेक्टर आधीच लावला असेल तर बंद जाळी वरून चढत नाही. मग उभी चीर असलेली, दोरीसारखी विणून बंद करायची जाळी मागा.

क्रेनच्या पेंडंटला वेगळा नियम. बटणाच्या डब्याचं वजन स्टीलच्या वायररोपवर किंवा साखळीवरच हवं, केबल तिच्या बाजूने सैल उतरली पाहिजे. ऑपरेटर पेंडंट धरून चालतो, लोड ओढतो, कधी त्याच्यावर भार टाकून उभाही राहतो. ती सगळी ओढ वायररोपनेच घ्यायची.

दुसरी पायरी: केबलची जाडी स्वतः मोजा

"चार कोअर चार स्क्वेअर" हे ग्लँडसाठी माप नाही. ते तांब्याचं माप झालं. ग्लँड धरते शीथला, म्हणून लागतो बाहेरचा व्यास. आयएस ६९४ ची पीव्हीसी केबल आणि आयएस ९९६८ ची रबर केबल, दोन्ही चार कोअर चार स्क्वेअर असल्या तरी व्यासात फरक पडतो. कंपनी बदलली तरी पडतो.

व्हर्नियरने तीन जागी मोजा आणि प्रत्येक जागी केबल ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. गुंडाळीत दाबून राहिलेली केबल अंडाकृती होते, एकाच बाजूने घेतलेलं माप फसवतं. साईटवर व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी केबलभोवती गुंडाळून जिथे टोक जुळतं तिथे पेनाने खूण करा, पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. पट्टी ४४ मिलिमीटर भरली तर केबल १४ मिलिमीटरची.

आता ग्लँडची रेंज. एम २० ची नायलॉन ग्लँड साधारण ६ ते १२ मिलिमीटर धरते, एम २५ ची १३ ते १८, एम ३२ ची १८ ते २५. हे आकडे कंपनीनुसार बदलतात, म्हणून कॅटलॉग पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. आपला व्यास रेंजच्या मधोमध पडेल अशी ग्लँड निवडा. खालच्या टोकाला पडला तर नट पूर्ण आवळूनही रबर जेमतेम टेकतं. वरच्या टोकाला पडला तर रबर आत ढकललं जातं, चुरगळतं, आणि पाण्याला वाट मिळते.

व्यास कमी पडला की केबलवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून ती जाड करायची, ही आपल्याकडची जुनी सवय. कृपया ही सोडा. टेपचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात पातळ होतो. टेप ग्लँडमध्ये जागेवर राहते आणि केबल तिच्यातून हळूहळू सरकते. बाहेरून सगळं घट्ट दिसतं, नट हलत नाही, म्हणून तपासणीतही सुटतं. त्याऐवजी कमी व्यासाचं रबर इन्सर्ट मागवा. एकाच शरीरात वेगवेगळी रबरं बसणाऱ्या ग्लँड मिळतात.

अजून एक गोष्ट विदर्भात फार दिसते: सबमर्सिबल पंपाची चपटी तीन कोअर केबल गोल ग्लँडमध्ये कोंबलेली. रबर तिला वर-खाली दाबतं आणि दोन्ही कडांना फट राहते. चपट्या केबलसाठी लांबट भोक असलेलं इन्सर्ट स्वतंत्र येतं. तसंच एका ग्लँडमधून दोन केबल न्यायच्या असतील तर दोन भोकांचं इन्सर्ट घ्या. दोन गोल केबल शेजारी ठेवल्या की मधली पन्हाळ कुठलंच रबर भरू शकत नाही.

तिसरी पायरी: आटे जुळवा

चुकीचा आटा बसतोय असं वाटतं आणि तिथेच हूड खराब होतो. बाजारात आज एम म्हणजे मेट्रिक आटे, जुनी जर्मन पीजी पद्धत, अमेरिकन एनपीटी आणि पितळी ग्लँडचे इंची आटे, सगळंच एका शेल्फवर मिळतं.

सगळ्यात फसवी जोडी एम २० आणि पीजी १३.५ यांची. एम २० चा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, पीजी १३.५ चा २०.४. डोळ्याने फरक कळत नाही. पण एम २० मध्ये एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.५ मिलिमीटर अंतर असतं आणि पीजीमध्ये इंचाला १८ आटे, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटर. एम २० ची ग्लँड पीजीच्या हूडमध्ये पहिले फेरे अगदी सहज जाते. मग अडते. फिटरला वाटतं रंग किंवा कचरा असेल, तो पान्याने जोर लावतो आणि ग्लँडचे आटे सोलून निघतात किंवा हूडच्या डायकास्ट ॲल्युमिनियमचे. पूर्ण बसल्यासारखी दिसणारी ग्लँड मग एकाच हिसक्यात बाहेर येते. म्हणून आटे बोटांनी पूर्ण फिरले पाहिजेत, पाना फक्त शेवटच्या आवळण्यासाठी. शंका असेल तर थ्रेड गेज लावा, स्वस्त वस्तू आहे, प्रत्येक टूलबॉक्समध्ये असावी. एनपीटीचे आटे तर निमुळते असतात, ते सरळ आट्यांत कधीच नीट बसत नाहीत.

हूडचा आटा मोठा आणि केबल बारीक असेल तर रिड्यूसर वापरता येतो. समजा तुमच्याकडे एम ३२ चा हूड आहे आणि १० एचपी मोटरची केबल मोजून १४ मिलिमीटर भरली. एम ३२ ची ग्लँड तिला धरणारच नाही. मग एम ३२ ते एम २५ रिड्यूसर आणि त्यात एम २५ ची, १० ते १७ अशा रेंजची ग्लँड. रिड्यूसर एकच. एकावर एक दोन चढवले की लांब दांडा तयार होतो आणि केबल ओढली की तरफेसारखा जोर हूडच्या आट्यांवर येतो. नवीन खरेदी असेल तर हूडच एम २५ चा मागवा.

पत्र्याच्या पॅनलमध्ये आटे पाडलेले नसतात, तिथे आतून चेकनट आणि बाहेरून सीलिंग वॉशर हवाच. एम २० साठी भोक साडेवीस मिलिमीटरपेक्षा मोठं करू नका.

चौथी पायरी: हवा, पाणी, धूळ पाहून मटेरियल

उन्हात असेल तर करडी नायलॉन ग्लँड टाळा, काळी घ्या. काळ्या रंगातला कार्बन प्लास्टिकला उन्हापासून वाचवतो. करडी काही उन्हाळ्यांत ठिसूळ होते. यंत्राचा धक्का लागण्यासारखी जागा असेल तर निकेल चढवलेली पितळी. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राखेची धूळ आणि जिनिंगमध्ये कापसाचा तंतू, दोन्ही बारीक, दोन्ही ग्लँडच्या तोंडाशी साचतात. तिथे किमान आयपी ६५ आणि बाहेर फट नसलेला डोम नट. संत्र्याच्या प्रक्रिया युनिटमध्ये रस आंबट आणि रोजची धुलाई जोरात, म्हणून तिथे स्टेनलेस ३१६ ला पैसे घालणं योग्य.

आतल्या रबराकडे कोणी पाहत नाही, पण खरं काम तेच करतं. यंत्राचं तेल उडत असेल तर नायट्राइल. उघड्यावर, ऊन-पावसात असेल तर ईपीडीएम. ईपीडीएम तेलात फुगतं, म्हणून सीएनसी मशीनच्या कूलंटजवळ ते नको. भट्टीजवळ सिलिकॉन.

ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) शील्डेड केबलला ईएमसी, म्हणजे विजेचा गोंगाट अडवणारी, ग्लँड घ्या, तिच्यात शील्ड म्हणजे केबलची धातूची जाळी चारी बाजूंनी धातूला टेकते. आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेल्या) केबलची गोष्टच वेगळी, ती हलणाऱ्या कनेक्टरच्या हूडमध्ये घालू नका.

पेट्रोल, सॉल्व्हंट, गॅस किंवा स्फोटक असेल तिथे हा लेख बाजूला ठेवा. तिथे फ्लेमप्रूफ सर्टिफिकेट असलेलीच ग्लँड लागते, आणि त्यासाठीची पेसो ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. उमरेड-सावनेर भागातल्या कोळसा खाणींत डीजीएमएसचे (खाण सुरक्षा महासंचालनालयाचे) नियम लागू होतात.

पाचवी पायरी: हूडचं तोंड आणि केबलचा वाक

मोठ्या चौकोनी हूडमध्ये केबल वरून किंवा बाजूने घ्यायची सोय असते. केबल जिथून नैसर्गिकपणे येते तिकडे तोंड हवं. केबल खालून येत असताना वरच्या तोंडाचा हूड घेतला की ती उलटी वळवावी लागते, आणि तो वाक कायम ग्लँडला ओढत राहतो. केबल कंपनी कमीत कमी वाकाची त्रिज्या देते. स्थिर केबलला साधारण व्यासाच्या चार ते सहा पट, हलणाऱ्या केबलला साडेसात ते दहा पट किंवा जास्त. १४ मिलिमीटरच्या हलत्या केबलला दहा पटीने १४० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच इंच. शेजारी भिंत किंवा खांब असेल तर तेवढी जागा आहे का, आधीच बघा.

उघड्यावर वरून येणारी केबल पाणी स्वतःबरोबर ग्लँडपर्यंत आणते. तिला आधी खाली झोळ द्या, मग वर घेऊन कनेक्टरमध्ये न्या. पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकून जातं.

बसवताना

सप्लाय बंद, लॉक लावलेला, टेस्टरने खात्री केलेली. मग नट, पिंजरा, रबर या क्रमाने आधी केबलवर चढवा. टर्मिनल जोडून झाल्यावर नट चढवायचा राहिला हे लक्षात आलं तर सगळं परत उघडावं लागतं. ग्लँडचं शरीर हूडमध्ये बोटांनी, मग पान्याने.

शीथ किती सोलायची हे महत्त्वाचं. रबराच्या आतल्या तोंडापासून पुढे ५ ते १० मिलिमीटर शीथ हूडमध्ये दिसली पाहिजे. सोललेले कोअर रबराखाली आले तर चार बारीक तारांवर पकड बसते, पाणी मधून जातं आणि ओढ थेट टर्मिनलवर येते. कोअर जोडताना अर्थची तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवा. कधी केबल निसटलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटली पाहिजे.

कनेक्शन झाल्यावर डोम नट आवळा, एक पाना शरीरावर आणि दुसरा नटावर. एकाच पान्याने आवळलं तर अख्खी ग्लँड फिरते आणि आतले कोअर पिळले जातात. टॉर्क कॅटलॉगमध्ये असतो, नायलॉनला तो ओलांडू नका.

मग ओढून पाहा. केबलवर नटाला अगदी लागून मार्करने रेघ मारा. हूड एका हाताने धरून केबल सरळ रेषेत, हिसका न देता, वाढत्या जोराने ओढा आणि थोडी दोन्हीकडे फिरवा. रेघ नटापासून दूर सरकली किंवा तिरपी झाली तर ग्लँड उघडा आणि रबराची रेंज पुन्हा तपासा. रेघ पुसू नका, ती पुढेही कामाला येते.

स्टोअरला इंडेंट देताना "ग्लँड, ३ नग" असं लिहू नका. असं लिहा: "नायलॉन केबल ग्लँड, काळी, एम २५ आटे १.५ पिच, केबलचा व्यास १४ मिमी, रेंज १० ते १७, नायट्राइल रबर, आयपी ६८, चेकनट व वॉशरसह." तरीही चुकीचा माल आला तर परत करायला आधार राहतो.

पीव्हीसीची शीथ दाबाखाली हळूहळू बसते, उन्हात जास्त. म्हणून नवीन ग्लँड पहिल्या आठ-दहा गरम दिवसांनंतर एकदा तपासा आणि लागलं तर पाव फेरा आवळा. त्यानंतर दरवर्षी मे अखेरीस, पहिला पाऊस यायच्या आधी, फेरी मारा आणि मार्करची रेघ बघा. रेघ सरकलेली असेल, रबर कडक झालं असेल किंवा नायलॉनच्या नटावर केसासारखी तडा दिसत असेल, तर आवळत बसू नका. ग्लँड बदला, आणि हूड उघडलाच आहे तर टर्मिनलचे स्क्रूही तपासून घ्या.